टोचणीचा इतिहास आणि नकाराची मोजणी

१

गेल्या काही वर्षांत 'लस-संकोच' हा शब्द वृत्तपत्रांतून, शासकीय परिपत्रकांतून आणि विद्यापीठीय प्रबंधांतून रूढ झाला आहे. लस उपलब्ध असताना ती घेण्यास माणूस का-कू करतो, पुढे ढकलतो किंवा साफ नाकारतो, या वृत्तीला हा शब्द लावला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली या विषयासाठी एक अभ्यासगट नेमला. २०१९ साली याच संघटनेने जगाच्या आरोग्यापुढील दहा धोक्यांत या वृत्तीची गणना केली. पुढे कोरोनाची लस आली आणि हा शब्द वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत येऊन पोहोचला. लस न घेणाऱ्या वस्त्यांच्या बातम्या छापून येऊ लागल्या. आदिवासी पाडा, मुस्लिम मोहल्ला, दलित वस्ती ही त्या बातम्यांतली ओळखीची ठिकाणे. आणि कारणे तीनच : अज्ञान, अंधश्रद्धा, अफवा.

प्रस्तुत लेखाचा हेतू लशीविरुद्ध बोलण्याचा नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. देवीसारखा भयंकर रोग या पृथ्वीवरून नाहीसा झाला तो लशीमुळेच. आपल्या वस्त्यांत ज्या माउलींची दोन-दोन, तीन-तीन लेकरे देवीने नेली, त्यांच्या वारसांनी लशीला शत्रू मानण्याचे काही कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. प्रौढ माणसाच्या मनातला नकार मोजायचा कसा, आणि तो मोजण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय. माझे म्हणणे थोडक्यात असे : या देशात टोचणाऱ्याने दंड मोजले, कारणे मोजली नाहीत, आणि ज्या जातींच्या लेकरांच्या दंडावर लस जगवली गेली, त्याच जातींच्या कपाळावर पुढे अज्ञानाचा शिक्का बसला. हा इतिहास ध्यानात न घेता केलेली मोजणी दिसायला शास्त्रीय असेल. प्रत्यक्षात ती आधीच लिहून ठेवलेला निकाल असते.

२

एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली इंग्लंडात गाईच्या देवीचे बीज माणसाला टोचण्याचा प्रयोग केला. सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आले. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी टोचणी मानली जाते. बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने हे बीज मुंबईस आले होते. हे सारे आपल्या शालेय पुस्तकांतून कधीमधी येते. जे येत नाही ते पुढचे आहे.

त्या काळी बर्फाची पेटी नव्हती, सीलबंद बाटली नव्हती. आपल्याकडच्या उन्हात लशीचे बीज फार काळ टिकत नसे. मग ते टिकवायचे कोठे? तर माणसाच्या अंगात. एका मुलाला टोचायचे, आठवड्याभराने त्याच्या दंडावर फोड पिकला की तो फोडून त्यातले पाणी दुसऱ्या मुलाच्या दंडात घालायचे, आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे न्यायचे. ही साखळी तुटली की मुलखातली लस संपली. म्हणून फोड आलेले लेकरू आणि त्याची आई यांना घेऊन टोचणारा एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. लशीचे गुदाम म्हणजे एक जिवंत मूल होते.

हे मूल कोणाचे असे? फोड फोडताना लेकरू कळवळते, जखम चिघळण्याची भीती असते. ज्याच्या पदरी चार पैसे आणि गावात मान आहे, तो बाप आपले पोर यासाठी कशाला देईल? बीज देणारी मुले बहुधा गोरगरिबांची, खालच्या मानलेल्या जातींची असत. त्यांच्या आईबापांच्या हातावर थोडेसे पैसे ठेवले जात. आणि मग सवर्ण समाजाचा दुसरा आक्षेप पुढे येई : अस्पृश्याच्या दंडातले पाणी आमच्या लेकराच्या रक्तात नको! एकोणिसाव्या शतकातल्या आरोग्य खात्याच्या कागदपत्रांत हा आक्षेप पुन:पुन्हा नोंदलेला आहे. पाण्याचा विटाळ आपल्याला ठाऊक आहे. लशीचाही विटाळ मानला गेला, हे आपल्याला कोणत्या वर्गात शिकवले?

येथे दोन नकार समोरासमोर उभे राहतात, हे लक्षात घेतले पाहिजे. एक सवर्णाचा नकार : लस चालेल, पण तुमच्या अंगातून आलेली चालणार नाही. दुसरा अस्पृश्य आईचा नकार : माझ्या लेकराचा फोड फोडू नका, त्याला दुखते. पहिल्या नकाराच्या पोटी जातिभेद आहे. दुसऱ्याच्या पोटी लेकराची माया आहे. सरकारी भाषेत मात्र दोहोंना 'पूर्वग्रह' हा एकच शब्द मिळाला. नकाराचे प्रकार निराळे, त्यांची नैतिक किंमत निराळी. पण मोजणाऱ्याच्या वहीत सगळे सारखे. नकार नीट न मोजण्याची परंपरा येथून सुरू होते.

या साखळीत खरा धोकाही होता. एका अंगातून दुसऱ्या अंगात पाणी घालताना उपदंशासारखा रोगही जाऊ शकत असे, आणि युरोपातल्या डॉक्टरांनीही ते मान्य केले होते. रोगाचे भय, बीजाची टंचाई आणि जातीचा आक्षेप या तिन्ही कारणांनी पुढे वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती स्थिरावली. मग काही हिंदूंना गोवंशाच्या अंगातली लसही चालेना! ते असो. लशीच्या प्रगतीचा इतिहास लिहिताना जेन्नरचे नाव राहिले, संशोधकांची राहिली. ज्यांच्या दंडावर ऐंशी-नव्वद वर्षे लस जगवली गेली, त्या असंख्य मुलांची नोंद कोणी ठेवली नाही.

३

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६७ साली येथे शिरगणती झाली. अखिल हिंदुस्थानची पहिली शिरगणती त्यानंतरची. दर्यापूर तालुका त्या काळी एलिचपूर जिल्ह्यात होता. १९०५ साली तो जिल्हा अमरावतीत विलीन झाला. कापसाच्या या मुलखाची माणसे, गुरे, पिके, पाऊस सगळे मोजले जात होते. आरोग्याचे वार्षिक अहवाल छापले जात आणि त्यांत टोचणीचे तक्ते असत.

त्या काळच्या टोचणीच्या तक्त्यांचे रकाने पाहण्यासारखे आहेत. एकूण किती जणांना टोचले? त्यांपैकी किती टोचण्या यशस्वी झाल्या? एक वर्षाखालील मुले किती, एक ते सहा वर्षांची किती? पुन्हा टोचलेले किती? हजार लोकवस्तीमागे प्रमाण काय? एका यशस्वी टोचणीस खर्च किती आला? प्रौढ माणूस या तक्त्यात मुख्यत: 'पुन्हा टोचलेले' या एका रकान्यात सापडतो. नकाराचा रकाना नाही. 'का' या प्रश्नाला जागा नाही. ज्या वर्षी आकडा घसरला, त्या वर्षी अहवालाच्या मजकुरात एखादे वाक्य येते : लोकांची उदासीनता, लोकांचा पूर्वग्रह. आकड्याची जबाबदारी टोचणाऱ्याची, घसरणीची मात्र लोकांची!

आकडा हेच टोचणाऱ्याच्या कामाचे माप झाले की आकडा फुगतो. टोचणाऱ्यांनी खोट्या नोंदी भरल्याच्या तक्रारी त्या काळच्या सरकारी अहवालांतच आढळतात. म्हणजे ज्या कागदावरून आपण लोकांचा होकार वाचतो, तो कागदही निर्मळ नाही.

१८८० च्या लसीकरण कायद्याची सक्ती नगरपालिका आणि छावण्या यांच्यापुरती होती. खेड्यात सक्ती करायला कायद्याची गरजच नव्हती, गावगाडा होता. टोचणारा येणार म्हणून पाटलाला वर्दी जाई. गावात दवंडी पिटणे आणि माणसे बोलावून आणणे ही गावकामे महाराच्या वाट्याची. ज्याने सगळ्या गावाला टोचणीसाठी हाका मारायच्या, त्याच्या वस्तीतली मुले चावडीपाशी कोठे उभी राहत? आधी टोचली जात की शेवटी? टोचणारा त्यांच्या दंडाला हात लावी की नाही? शिरगणतीत जातींची यादी बारकाईने करणाऱ्या सरकारच्या टोचणीच्या तक्त्यात या प्रश्नांना रकाना नव्हता.

हिंदुस्थानभर त्या काळी टोचणीविषयी अफवा होत्या : दंडावरची खूण म्हणजे नवा कर बसवण्याची खूण, सक्तीच्या मजुरीला धरून नेण्याची खूण, धर्म बाटवण्याची खूण. आज या अफवांना आपण हसतो. पण ज्याला सरकार फक्त सारा वसूल करताना आणि वेठीला धरताना दिसले, त्याने त्याच सरकारच्या सुईविषयी दुसरा कोणता अंदाज करावा? अफवा खोटी होती. तिच्यामागचा अनुभव खोटा नव्हता.

आणि देवीच्या कोपाची समजूत? तीही होती. मराठीत रोगाचे नावच 'देवी', आणि टोचून घेणे म्हणजे 'देवी काढून घेणे'. रोगही देवी आणि त्यावरचा उपायही देवी, असा हा घोटाळा आहे. या समजुतीचे समर्थन कोणीही करू नये. पण ती केवळ दलित वस्त्यांची नव्हती; ब्राह्मण आळीपासून गावकुसाबाहेरच्या झोपडीपर्यंत सर्वांची होती. असे असता अंधश्रद्धेचा शिक्का एकाच बाजूला का बसला, हे विचारायला नको काय?

४

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. घरांची झडती, माणसांना ओढून छावणीत नेणे, सामान जाळणे हे सर्व त्या कायद्याच्या आधाराने घडले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत प्लेग म्हणजे चाफेकर एवढेच समीकरण उरले. पण त्याच वर्षी, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि त्यांना लागण झाली. एकाच साथीच्या या दोन आठवणी आहेत. पहिलीने लोकांचा संताप नोंदवला. दुसरीने आजारी माणसाला हात लावायला कोण पुढे आले ते नोंदवले. लशीवर, डॉक्टरवर, सरकारवर विश्वास कसा निर्माण होतो याचे उत्तर दुसऱ्या आठवणीत आहे.

डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वत:ला टोचून घेतली, ही गोष्ट मोठीच आहे. त्यानंतरची चाचणी झाली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर. ते आपण होऊन पुढे आले, असे नोंदलेले आहे. बंदिवानाच्या होकाराला किती मोल द्यायचे, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणाला फारसा पडला नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी या लशीने टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष लशीचा नसून बाटली उघडताना झालेल्या हयगयीचा असावा, असे पुढे दिसून आले. हाफकिन १९०७ साली निर्दोष ठरले. म्हणजे खुद्द सरकारला आणि शास्त्रज्ञांना सत्य ठरवायला पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांत एखाद्या मजुराने सुईला नकार दिला असेल, तर त्याला अडाणी म्हणायचे की सावध? पुराव्यावरून निर्माण झालेली भीती आणि समजुतीवरून निर्माण झालेली भीती यांत फरक आहे. जे माप हा फरक दाखवत नाही, ते माप उपयोगाचे नाही.

५

मोजणी हा राजकीय प्रश्न आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतके स्वच्छ क्वचितच कोणी मांडले असेल. १९३२ साली लॉर्ड लोथियन यांच्या मताधिकार समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती हा वाद उभा राहिला. काही प्रांतांतून तर आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असे सांगण्यात आले. हक्क देण्याची वेळ येताच माणसेच नाहीशी झाली! समितीचे सभासद असलेल्या बाबासाहेबांनी १ मे १९३२ रोजी स्वतंत्र टिपण जोडून याला उत्तर दिले. कोणाला मोजायचे, कोणत्या व्याख्येने मोजायचे आणि मोजणारा कोण, यावर आकडा ठरतो, हा त्या वादाचा धडा होता.

त्याच १९३२ साली अमेरिकेत रेन्सिस लायकर्ट या मानसशास्त्रज्ञाने माणसाची वृत्ती मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. एक विधान वाचून दाखवायचे आणि पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत या पाच पायऱ्यांपैकी एक निवडायला सांगायचे. आज लस-संकोच मोजण्याच्या बहुतेक प्रश्नावल्या याच पायऱ्यांवर उभ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाच्या कामातून दहा विधानांची एक मोजपट्टी २०१५ साली पुढे आली. ती मुलांच्या आईबापांसाठी होती. २०१८ साली कॅनडात ती तपासली असता तिच्यात दोन निरनिराळे धागे आढळले : लशीवर विश्वास नसणे हा एक आणि धोक्याची भीती हा दुसरा. २०२१ साली अमेरिका आणि चीन येथील प्रौढांसाठी तिचे रूपांतर प्रसिद्ध झाले. लस माझ्या आरोग्याला गरजेची आहे काय, नव्या लशीत जुनीपेक्षा अधिक धोका आहे काय, डॉक्टर सांगतात ते मी करतो काय, अशा धर्तीची तिची विधाने आहेत.

ही मोजपट्टी टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. विश्वास नसणे आणि धोक्याची भीती वाटणे वेगळे, हे तिने दाखवले ते मोलाचे आहे. पण ती दर्यापूरच्या एखाद्या वस्तीत जशीच्या तशी वापरली तर काय होईल? ज्या समाजाला शतकानुशतके जोहार घालायला शिकवले, साहेबाच्या तोंडावर 'नाही' म्हटल्यास ज्याची भाकरी बंद होत होती, तो समाज हातात कागद घेऊन आलेल्या माणसाला काय सांगेल? 'हो सायेब.' डॉक्टरांचे ऐकता का? 'हो सायेब.' कागदावर पूर्ण सहमती उमटते. दुसऱ्या दिवशी लस घ्यायला कोणी येत नाही. मग अहवाल लिहितो : लोक बोलतात एक, करतात एक. असा होकार सहमती मोजत नाही, तो दबदबा मोजतो. आपल्या समाजात 'नाही' म्हणता येणे ही स्वातंत्र्याची पहिली पायरी आहे, आणि ते न भिता म्हणता यावे अशी व्यवस्था केल्याखेरीज 'हो' मोजता येणार नाही.

६

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. मे १९७५ नंतर देशात देवीचा रोगी आढळला नाही; ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मानवजातीचे हे मोठेच यश होय. माझ्या घरात पदवीचा कागद माझ्या पिढीत पहिल्यांदा आला. पण सरकारची खूण आजीच्या आणि आईच्या दंडावर गोल व्रणांच्या रूपाने त्याआधीच उमटली होती. ते व्रण होते म्हणून आम्ही आहोत, हे मी विसरत नाही.

परंतु १९७३ ते १९७५ या अखेरच्या टप्प्यात हिंदुस्थान-बांगलादेशात काही ठिकाणी रात्री-अपरात्री दारे फोडून, माणसांना धरून टोचल्याचे खुद्द त्या मोहिमेतल्या मंडळींनीच पुढे सांगितले आहे. त्यापाठोपाठ आणीबाणी आली. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. देशभर नसबंदीच्या शिबिरांत गोरगरीब भरडले गेले. पुढे पोलिओचा डोस असो की कोरोनाची सुई, 'याने मूल होत नाही' ही अफवा पुन:पुन्हा उठली. ती हवेतून आलेली नाही. एका पिढीच्या अंगावर जे झाले, ते पुढच्या पिढीच्या कानात राहिले. मोजपट्टीला वाटते, हा आजचा गैरसमज आहे. इतिहास सांगतो, ही जुनी जखम आहे. गैरसमज माहितीपत्रकाने जातो. जखम माहितीपत्रकाने भरत नाही.

७

आता आपल्या दाराशी येऊ. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट अमरावती-अकोल्यात राज्यातल्या बहुतेक भागांच्या आधी उसळली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहरात पुन्हा टाळेबंदी आली. देशातले लसीकरण १६ जानेवारीस सुरू झाले होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पहिली मात्रा एका सफाई कामगाराला देण्यात आली. ती लस होती कोव्हॅक्सिन, आणि ३ जानेवारीला तिला मिळालेली परवानगी 'चाचणी पद्धती'तली होती. सफाई कामगाराचा तो सन्मान होता, असे म्हटले गेले. असेलही. पण ज्याला दंडाकडून दंडाकडे जाणाऱ्या लशीचा इतिहास ठाऊक आहे, त्याच्या मनात दुसरा प्रश्न येणारच. तो प्रश्न विचारणाऱ्याला लशीचा विरोधक म्हणता येणार नाही.

पुढचा क्रम आठवा. १ मार्चपासून साठ वर्षांवरील लोक, १ एप्रिलपासून पंचेचाळीसवरील, १ मेपासून अठरावरील. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसाला आधी मोबाइलवर नोंदणी करणे भाग होते. ज्याच्याकडे साधा फोन, त्याने काय करावे? १२ मेच्या सुमारास लशीच्या टंचाईमुळे राज्य शासनानेच या वयोगटाचे लसीकरण थांबवले. कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मग बारा ते सोळा झाले. या बदलांना शास्त्रीय कारणे होती. पण ती वस्तीत येऊन कोणी समजावून सांगितली?

लस-संकोचाच्या व्याख्येतच 'लस उपलब्ध असताना' असे शब्द आहेत. लस उपलब्ध नसेल, केंद्र दूर असेल, रांगेत दिवस जात असेल, तर त्या माणसाला संकोची म्हणणे ही व्याख्येचीच फसवणूक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'हर घर दस्तक' मोहीम निघाली. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे कापसाच्या वेचणीचे दिवस. सकाळी शेतात गेलेली बाई सांजेला घरी येते. दुपारी दार ठोठावणाऱ्याला कुलूप दिसते. लस घेतल्यावर दोन दिवस अंग मोडून येते, ताप येतो. 'दोन दिवसाची मजुरी बुडन, थे कोन देईन?' हा प्रश्न भीतीचा की हिशोबाचा? छापील कागदावर भीती, गैरसमज, अफवा, इतर असे चार रकाने असले, तर मजुरी 'इतर'मध्ये जाते. आणि 'इतर' कोणी वाचत नाही.

आणखी एक गोष्ट पूर्णेच्या खोऱ्याबाहेरच्या वाचकाला सांगितली पाहिजे. दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखालचे पाणी खारे, पिण्यालायक नाही. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार येथे जुनी आहे. ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्याची वाट पाहिली, तो विचारतो : सुई घरापर्यंत आली, पाणी का नाही आले? हा प्रश्न लशीविषयीचा नाही, सरकारवरच्या विश्वासाविषयीचा आहे. लशीची मोजपट्टी विश्वास मोजते असे म्हणते. मग पाण्याचा प्रश्न तिच्यात का नसावा?

लसीकरणाच्या कोविन यंत्रणेत नाव, जन्मवर्ष, लिंग, ओळखपत्र यांची नोंद झाली. जातीची झाली नाही. त्यामुळे कोणत्या जातीला लस कधी पोहोचली हे त्या नोंदीवरून सांगता येत नाही. एकीकडे दलित-आदिवासी लस घेत नाहीत असे बोलले गेले, दुसरीकडे तसे म्हणायला पुरेसा आकडाच नव्हता. हक्काच्या वेळी रकाना नाही, आणि ठपक्याच्या वेळी रकान्याची गरज नाही! १९३२ चा वाद येथे वेगळ्या रूपाने जिवंत आहे.

८

मग मोजूच नये काय? मोजले पाहिजे. २०२४ साली क्षयरोगासाठी प्रौढांना बीसीजी देण्याची मोहीम महाराष्ट्रात निवडक ठिकाणी सुरू झाली. क्षय हा आपल्या वस्त्यांचा जुना वैरी आहे. प्रौढांसाठी आणखी लशी येतील, आणि त्यांची सर्वांत जास्त गरज आपल्यालाच आहे. म्हणूनच नकार कोणत्या कारणाने होतो, हे आपल्याला इतरांहून अधिक नेमके कळले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जी नवी साधने दिली, त्यांत माणसाच्या विचारांबरोबर त्याच्या सामाजिक भोवतालाचे आणि व्यवहारातल्या अडचणींचेही प्रश्न आले आहेत. दिशा बरोबर आहे. पण पुस्तकातली दिशा वस्तीत आणण्याचे काम कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाच करावे लागेल.

त्यासाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : वृत्तीच्या आधी पोहोच मोजावी. लस गावात किती दिवस होती, किती वाजता होती, केंद्र किती अंतरावर होते, हे लिहिल्याखेरीज कोणाच्याही नावापुढे 'नकार' लिहू नये. दुसरी : बुडणाऱ्या मजुरीचा स्वतंत्र रकाना असावा. तिसरी : कारण माणसाच्या स्वत:च्या बोलीत, त्याच्या शब्दांत लिहावे, वर्गवारी नंतर करावी आणि मूळ शब्द फेकून देऊ नयेत. चौथी : जातीची नोंद माणसाच्या संमतीने व्हावी, पण वस्तीचे नाव छापून तिच्यावर डाग लावू नये. पाचवी : विचारणारा वस्तीत नेहमी येणारा असावा. आशा कार्यकर्ती हे काम करू शकते. पण तिला तुटपुंज्या मोबदल्यावर राबवून वर उद्दिष्टाचा आकडा तिच्या डोक्यावर ठेवला, तर एकोणिसाव्या शतकातल्या टोचणाऱ्याचीच गत होईल. सहावी : मोजणीचा निष्कर्ष आधी वस्तीत वाचून दाखवावा, मग कचेरीत पाठवावा.

प्रौढांना प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्या मुलखाला नवी नाही. आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली प्रश्नोत्तरेच असत. बाबा आधी गावाचा रस्ता झाडत आणि मग प्रश्न विचारत. नवसाला बकरा कापणाऱ्याला ते अडाणी म्हणून हिणवत बसत नसत. त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. अंधश्रद्धेवर याहून कठोर घाव क्वचितच कोणी घातला असेल, आणि तरीही माणसे त्यांच्याकडे धावत येत. सर्वेक्षणाचे शास्त्र शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ही पद्धतही अभ्यासावी.

नकाराला वंदनीय मानण्याची गरज नाही. चुकीच्या नकाराने माणूस मरतो, आणि तो बहुधा आपलाच असतो. परंतु नकार देणाऱ्याचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला बदलता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी लशीला जगवायला दंड लागला तेव्हा तो आपल्या लेकरांचा घेतला गेला. नोंद मात्र दुसऱ्याच्या हातात राहिली. आता आपल्या घरांत लेखणी आली आहे. दंड आपला होता. यापुढे रकानाही आपणच आखला पाहिजे.